तेजलचं जर्नल

कॉलेजच्या आयटी लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर होते आणि त्या विसांची तोंडं रोज सकाळी पुसणारं माणूस एकच, सगुणाबाई. आठ वर्षं पुसत होती. ठेकेदाराच्या माणसांत तिचं नाव, हुद्दा शिपाई, आणि पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची मावशी. निळ्या रेक्झिनच्या टोप्या काढायच्या, काचा पुसायच्या, टोप्या परत घालायच्या, कुलूप लावायचं. लॅबचं काम म्हणजे एवढंच. पोरं आत येऊन बसलीत आणि मशीन घुरघुरतंय, हे या आठ वर्षांत तिने मोजून चारदा पाहिलं होतं. चारही वेळा बाहेरून कुणीतरी तपासणीला आलेलं होतं.

आता एक गोष्ट सांगते ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅब धुऊन काढायची असते. टेबलाखालचे सीपीयूचे डबे उचलावे लागतात. उचलणाऱ्याच्या हाताला कळतंच की कुठला डबा जड आणि कुठला हलका. विसांतले नऊ डबे रिकाम्या तेलाच्या डब्यासारखे वर यायचे. ऑफिसचा एखादा कॉम्प्युटर बिघडला की लॅबमधला डबा उघडायचा, आतलं काढून तिकडे बसवायचं, पत्रा पुन्हा लावून टाकायचा. पाच डबे जड होते, पण मेलेले. चालू फक्त सहा. आणि दसऱ्याला झेंडूच्या माळा मात्र वीसच्या वीस. हळदकुंकू, नारळ, फोटो. सगुणाबाई स्वतः पूजाअर्चा मानणारी नव्हे, तिच्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध. पण माळा ओवायचं काम तिच्याकडेच. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, असं मनात म्हणत ती ओवायची.

आणि त्याच कॉलेजात तिच्या पायलने अकरावीला हिंदीऐवजी आयटी घेतलं.

घेतलं म्हणजे हट्टाने घेतलं. बाकीच्या पोरांनी घेतलं ते मार्क पडतात म्हणून. बंटी नावाचा एक पोरगा तर उघड म्हणायचा, "हिंदीत निबंध लिहावा लागतो, आयटीत नुसतं टिक करायचं." पायलचं तसं नव्हतं. सातपूरला त्यांच्या कॉलनीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत कुणीतरी दान दिलेले दोन जुने कॉम्प्युटर होते. शाळेत असल्यापासून ती त्यांच्यापुढे बसायची. नंबर लावून, अर्धा तास. तिचा बाप नाथा कारखान्यात लेथवर. तो म्हणायचा, "मी लोखंडाला वळण देतो, ही काचेला देते." बापाला लई कौतुक.

कॉलेजात मात्र आयटीचा तास म्हणजे मोकळा तास. शिकवायला प्रफुल्ल सर होते. तरुण पोरगा, तासावर नेमलेला. पण अख्ख्या कॉलेजात कॉम्प्युटर कळणारं माणूस तेवढं एकच, त्यामुळे प्रवेशाच्या याद्या, स्कॉलरशिपचे फॉर्म, निकाल, जे जे ऑनलाइन ते सगळं त्याच्या मानेवर. तासाची घंटा झाली की तो ऑफिसात बसलेला असायचा. वर्गावर कोणी नाही, लॅबला कुलूप. पायल पहिले दोन महिने कुलपापाशी जाऊन उभी राहायची. मग तिने ते सोडलं.

मग बारावीची जानेवारी संपत आली आणि जर्नलचे दिवस आले.

प्रॅक्टिकलला वीस मार्क, आणि जर्नलवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसताच येत नाही. बारा प्रयोग, डाव्या पानावर प्रोग्रॅम लिहायचा, उजव्या पानावर त्याचं जे निघालं त्याची छापील चिठ्ठी चिकटवायची. आता ज्या पोरांनी मशीनला हातच लावलेला नाही त्यांनी लिहायचं काय? तर त्याला कॉलेजात रीत ठरलेली होती. पाच वर्षांपूर्वी तेजल म्हणून एक मुलगी पास होऊन गेली. अक्षर मोत्यासारखं. तिचं जर्नल कॉलेजने ठेवून घेतलं होतं. दर जानेवारीत ते कपाटातून निघायचं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं आणि ऐंशी पोरं ते उतरवून काढायची. डोळे मिटून.

डोळे मिटून म्हणजे खरंच डोळे मिटून. प्रयोग तिसरा होता, स्वतःची माहिती देणारं वेबपेज तयार करा. तेजलने तिची दिली होती. माझं नाव तेजल, मी येवल्याची, वडिलांचं साड्यांचं दुकान, मला मेंदी काढायला आवडते. ऐंशीच्या ऐंशी जर्नलांत तेच. बंटीच्या जर्नलात तेच. दाढी राखणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या, सायकलवरून दूध घालून येणाऱ्या पोरांच्या जर्नलांत तेच. सगळे तेजल, सगळे येवल्याचे, सगळ्यांना मेंदीची आवड. आणि प्रत्येकाखाली सरांची सही, जुलैची, ऑगस्टची, अशी ठोकून दिलेली तारीख. पाच वर्षांत एकाही माणसाने ते वाचलं नव्हतं. लिहिणाऱ्यानेही नाही आणि सही करणाऱ्यानेही नाही.

पायलने आपलं आपण लिहिलं. बाराही प्रयोग अभ्यासिकेत बसून चालवून पाहिले, छापून आणले. तिसऱ्यात स्वतःचं नाव. आणि पाचव्यात, तक्ता तयार करा असं होतं तिथं, तिने काय करावं? आपल्या लॅबचा तक्ता केला. एक ते वीस नंबर, आणि पुढे प्रत्येकाची तब्येत. एक, चालू. दोन, चालू, पण तीन बटणं नाहीत. तीन, बंद. चार, पोकळ. सात, पोकळ, आत कुंभारमाशीचं घर.

हे तिला कुणी सांगितलं? आईने. भाकरी थापता थापता सगुणाबाई घरात रोज काही ना काही बोलायची, त्या ओघात डब्यांचंही बोलून गेली होती, हसून. पोरीने ते ध्यानात ठेवलं. आणि पोरगी भाबडी अशी, की खरं लिहिलं म्हणजे सर खूश होतील असं तिला वाटलं.

शुक्रवारी प्रफुल्ल सरांनी ते पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जर्नल मिटलं, पायलकडे न बघता म्हणाले, "हे देवरे सरांना दाखवावं लागेल." देवरे सर म्हणजे उपप्राचार्य. दुपारी सगुणाबाईला बोलावणं आलं.

देवरे सरांनी तिला बसा म्हटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच तिला कळलं की गोष्ट काही बरी नाही.

"मावशी, तुमची मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. "पण हुशारी कुठे दाखवायची ते कळायला पाहिजे. हे लॅबचं तिला कुणी सांगितलं?"

"मीच बोलले असंन सर. घरात बोलता बोलता."

"तेच म्हणतो मी. कॉलेजची गोष्ट कॉलेजात राहायला हवी." त्यांनी जर्नल टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. "सोमवारी परीक्षक येणार आहेत. तोवर तिला नवीन जर्नल लिहायला सांगा, बाकीच्यांसारखं. मास्टर जर्नलची कॉपी देतो. लिहिलं तर सही, नाहीतर सही नाही. वीस मार्क गेले तर पुढे काय होतं ते तिला माहीत आहे. आणि तुमचंही मार्चमध्ये नवीन टेंडर आहे ना? मी आजवर तुमच्याबद्दल चांगलंच सांगत आलोय."

सगुणाबाई बरं म्हणाली. उठली, जर्नल पदराखाली धरलं आणि बाहेर आली. खरं सांगायचं तर तिला पहिला राग आला तो सरांचा नाही, पायलचा. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलं होतं?

घरी गेल्या गेल्या तिने पोरीला झाडून घेतलं. "शानपना करायला तुला दुसरी जागा नव्हती का गं? ऐंशी पोरं लिव्हतेत, तुझाच हात झिजत होता? मी तिथं फरशा पुसते, तुझ्यापायी मला तिथून हाकलतील. अन् तुझे मार्क जातील ते येगळेच."

"मम्मी, माझं बरोबर आहे," पायल म्हणाली.

"बरोबर हाय म्हून काय चाटायचंय का? बारावी पास हो आधी. मग बरोबर राहा."

नाथा कामावरून आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो टोपी हातात फिरवत बसला. "लिहू दे तिला," एवढंच म्हणाला. कुणाच्या बाजूने म्हणाला ते दोघींनाही कळलं नाही.

रविवारी दुपारी पायल लिहायला बसली. दुकानातून कोरं जर्नल आणलं, शेजारी तेजलची झेरॉक्स. ती रडत नव्हती. रडली असती तर सगुणाबाईला सोपं गेलं असतं. जवळ घेतली असती, दोन शब्द बोलली असती. पोरगी नुसती पान उलटत होती आणि लिहीत होती, एक ओळ बघायची, एक ओळ उतरवायची. सगुणाबाई समोर बसून मेथी निवडत होती. तिचं शिक्षण आठवीपर्यंत. मराठी वाचायची, इंग्रजीची अक्षरं ओळखायची, पण ती जोडून वाचायला वेळ लागायचा. पायलने एक ओळ लिहिली आणि पेन थांबवलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय लिव्हलंय ते वाच."

पायलने वाचलं. इंग्रजीत वाचलं आणि मग, आईला समजावं म्हणून, मराठीत सांगितलं. "माझं नाव तेजल. मी येवल्याला राहते. माझ्या वडिलांचं साड्यांचं दुकान आहे."

सगुणाबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"तुझं नाव?"

"सगळे असंच लिहितात मम्मी. तूच म्हणालीस ना, लिही."

अक्षर पायलचं होतं. शाई पायलच्या पेनाची. आणि वर नाव कुणाचं, गाव कुणाचं, बाप कुणाचा. नाथा कॉटवर पडला होता, पाठ वळवून. झोपला नव्हता. पंचवीस वर्षं लेथपुढे उभा राहून ज्याच्या पायाच्या शिरा फुगल्या, त्याला त्याच्या पोरीच्या हाताने साड्यांचा दुकानदार करून टाकला होता. पायलचं नाव सगुणाबाईने स्वतः ठेवलं होतं. सासू सुमनबाई म्हणत होती सुजाता ठेव, तरी हिने भांडून पायल ठेवलं. त्या नावाने तिला हाक मारून मारून घसा कोरडा व्हायचा, आणि आता मार्कांसाठी ते नाव पोरीला खोडायला लावायचं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आता ती पायलवर नव्हती.

तिला एकदम सगळं दिसलं. नऊ रिकामे डबे दिसले, वीस माळा दिसल्या. दोन वर्षं आयटीची वेगळी फी घेतलेली दिसली. कुलपापाशी उभी राहिलेली आपली पोरगी दिसली, जिला तिने स्वतः म्हटलं होतं, जा वर्गात, इथं उभी राहू नको. किल्ली तर तिच्याच कमरेला होती. आठ वर्षं किल्ली आपल्या कमरेला आणि पोरगी दाराबाहेर. या एका गोष्टीचा तिला इतका संताप आला की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"दे इकडं ते," ती म्हणाली. तिने कोरं जर्नल ओढून घेतलं आणि लिहिलेली तीन पानं फाडली. नीट, काठावरून, बाकीची वही वाया जायला नको म्हणून. "जुनं जर्नल दप्तरात घाल. उद्या तेच न्यायचं."

"सही नाही करणार सर."

"बघू."

"मम्मी, तुझं काम जाईल."

"फरशी मेली कुठं बी असते," सगुणाबाई म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली. कॉटवरून नाथा न वळता म्हणाला, "मी उद्या सुट्टी टाकू का?" तिने नको म्हटलं.

परीक्षकाचीही एक रीत होती. बाहेरचा परीक्षक यायचा, त्याला थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवायचं. शाल, नारळ, मिसळ, जिलबी, चहा. तोवर जर्नलांचे गठ्ठे टेबलावर. पहिल्या पानावर सही, मार्कांची यादी आधीच तयार, तिच्यावर सही, की झालं प्रॅक्टिकल. लॅबचं दार नुसतं उघडं ठेवायचं, सहा चालू मशीन पुढच्या रांगेत, त्यांच्या टोप्या काढलेल्या, बाकीच्यांच्या तशाच. कुणी चुकून डोकावलंच तर बरं दिसावं म्हणून. आठ वर्षांत एकाही परीक्षकाने डोकावलं नव्हतं.

सोमवारी आल्या त्या निकम मॅडम, चांदवडकडच्या एका कॉलेजातून. तिशीच्या, पायात साध्या चपला, खांद्याला पिशवी. एसटीने आल्या होत्या आणि दमलेल्या दिसत होत्या. पहिल्या तुकडीची चाळीस पोरं जर्नलं घेऊन पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. प्राचार्य कुठल्याशा मीटिंगला गेले होते. देवरे सरांना मॅडमना द्यायची शाल सापडत नव्हती. गेल्या वर्षी उरलेली एक कपाटात होती, ती शोधायला ते ऑफिसात गेले आणि जाता जाता सगुणाबाईला म्हणाले, "मावशी, मॅडमना केबिनमध्ये बसवा, चहा द्या."

सगुणाबाईने पहाटेच येऊन लॅब उघडली होती. वीसच्या वीस टोप्या काढून घडी करून खिडकीत ठेवल्या होत्या. चहाचा ट्रे, मिसळ, जिलबी, सगळं तिने सात नंबरच्या टेबलावर मांडलं होतं.

"मॅडम, चहा लॅबमध्ये लावलाय," ती म्हणाली.

मॅडमना काय, कुठंही चहा मिळाला तर हवाच होता. त्या तिच्या मागोमाग आत आल्या. सगुणाबाईने दारातून पोरांकडे पाहिलं. "या रे आत. परीक्षा लॅबमध्ये हाय."

पोरं बिचकत आत आली. काहींनी ही खोली पहिल्यांदाच पाहिली असावी, ती इकडेतिकडे बघत होती. मॅडमनी दोन घोट चहा घेतला, हात पुढे करून पुढच्या चार पोरांची जर्नलं घेतली आणि पानं चाळली. पहिलं. दुसरं. तिसऱ्याला त्या थांबल्या. पुन्हा पहिलं उघडलं.

"बंटी कोण?"

बंटी पुढे आला.

"तुला मेंदी काढायला आवडते?"

पोरांत हसू फुटलं. बंटीही हसला. "नाही मॅडम."

"मग इथं तेजल कोण आहे?"

"माहीत नाही मॅडम. ती पास झाली होती."

आता सगळेच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जर्नल बंद केलं. "ठीक आहे. हा प्रयोग आता करून दाखव. तेजलचा नको, तुझा. तुझं नाव स्क्रीनवर आण." आणि त्यांनी जवळच्याच, सात नंबरच्या मशीनचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"ते नाय लागायचं मॅडम," दारातून सगुणाबाई म्हणाली. "त्याच्यात कुंभारमाशीचं घर हाय. ते, चार, नऊ अन् मागची सगळी रांग पोकळ हाय. बघा उचलून."

बंटीने डबा उचलला. एका हाताने. त्याचं हसू गेलं. मागची पूजा नावाची मुलगी, जी दोन वर्षांत वर्गात कधी बोलली नव्हती, तिने आपल्या पुढचा उचलून पाहिला, मग तिच्या शेजारच्याने त्याच्या पुढचा. खोलीत कुणी हसत नव्हतं. पोरं एकमेकांकडे नाही, त्या डब्यांकडे बघत होती.

तेवढ्यात देवरे सर शाल घेऊन आले. त्यांच्यामागे प्रफुल्ल सर, हातात मार्कांची यादी. काय झालंय ते देवरे सरांना दारातच कळलं असावं. "मॅडम, इथं कशाला, केबिनमध्ये चला ना. मावशींची काहीतरी गडबड झाली."

"माझी काय बी गडबड झाली नाय सर," सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कॉलेजात तिचा आवाज आजवर कुणी ऐकलाच नव्हता, म्हणून सगळे ऐकत राहिले. "आठ वर्षं झाली, ही भांडी मी पुसते. रिकामी भांडी. पोरांकडून फी घेतली, माळा घातल्या, फोटो काढले. माझी पोरगी या दारापुढं दोन महिने उभी राहिली अन् किल्ली माझ्या कमरेला होती. मी तिला उघडून दिलं नाय. त्याचा जाब मी तिला देईन. पण तिनं खरं लिव्हलं म्हून तुम्ही सही देत नाय, याचा जाब तुम्ही द्या. आत्ता. यांच्यापुढं."

"मावशी, तुम्ही तुमच्या पायरीनं राहा."

"पायरी मीच धुते सर. मला माहीत हाय कुठं हाय ती."

निकम मॅडमनी पायलचं जर्नल मागितलं. पायलने पाचवा प्रयोग उघडून दिला, आणि तक्ता हातात धरून त्या एकेका टेबलापाशी गेल्या. एक, चालू. दोन, तीन बटणं नाहीत. वीस नंबरपर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "या आठवड्यात पाच कॉलेजं केली मी," त्या म्हणाल्या, "आणि पाचही ठिकाणी केबिनमध्ये चहा प्यायले." मग प्रफुल्ल सरांकडे वळून म्हणाल्या, "या वीस मशीनच्या खोलीत खरं काम झालेलं हे एकच जर्नल आहे आणि यावरच सही नाही. सही नाही तर मला हिची परीक्षा घेता येत नाही. बोला."

देवरे सर त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही काही करू नका."

प्रफुल्ल सर खिशातलं पेन चाचपत उभे होते. त्यांची नेमणूकही मार्चपर्यंतचीच होती, हे सगुणाबाईला माहीत होतं. आणि तरी तिला त्यांची दया आली नाही. दोन वर्षं हा माणूस तिच्या पोरीच्या तासाला ऑफिसात बसला होता. मग पूजा एकदम म्हणाली, "सर, आम्हाला पण काहीच येत नाही." एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज रागाने चिरकला.

प्रफुल्ल सरांनी जर्नल घेतलं, टेबलावर ठेवलं आणि पहिल्या प्रयोगाखाली सही केली. सवयीने त्यांचा हात तारखेकडे गेला. जुलैची तारीख टाकायची, दर वर्षीसारखी.

"सर, आजचीच टाका," पायल म्हणाली.

त्यांनी आजची टाकली. बारा प्रयोग, बारा सह्या, बाराही सह्यांखाली एकच तारीख, परीक्षेच्या दिवसाची. ते जर्नल आता कुणीही उघडलं असतं तर त्याला कळलं असतं की या पोरीचं काम दोन वर्षांत आजच्या आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

"परीक्षा इथंच होईल," मॅडम म्हणाल्या. "सहा मशीन आहेत, सहा सहा जणांनी बसायचं. संध्याकाळ झाली तरी चालेल. ज्याला जे येईल ते, पण स्वतःचं." पोरांनी जर्नलं खाली ठेवली. बंटीने आपल्या जर्नलातलं तिसऱ्या प्रयोगाचं पान फाडून चुरगळलं आणि पायलजवळ येऊन हळू विचारलं, "नाव कसं आणायचं गं?" ती त्याला सांगू लागली, आणि बाकीचे पाच जण मान पुढे काढून ऐकू लागले.

देवरे सर सगुणाबाईजवळ आले. "किल्ल्या ठेवा आणि घरी जा. उद्यापासून यायची गरज नाही."

तिने कमरेचा जुडगा सोडला आणि सात नंबरच्या डब्यावर टाकला. पत्रा मोठ्याने वाजला. पण ती घरी गेली नाही. दाराजवळच्या स्टुलावर बसली. तिला उठ म्हणायची हिंमत त्या वेळी कुणाची झाली नाही.

पायलचा नंबर आला. एक नंबरच्या मशीनपुढे ती बसली. मॅडमनी प्रत्येकाला विचारला होता तोच प्रश्न तिलाही विचारला, "नाव काय तुझं?"

"पायल नाथा पगारे."

"आण स्क्रीनवर."

पोरीची बोटं फिरली. सगुणाबाई स्टुलावरून उठून दोन पावलं पुढे गेली. रोज पुसलेली काच, आणि त्या काचेवर मोठ्या काळ्या अक्षरांत काहीतरी उमटलं. तिने अक्षरं एकेक करून जोडली. पी. ए. वाय. ए. एल. पाच होती. खाली आणखी होतं, ते नाथाचं असणार. तिने ते वाचायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढचं धूसर झालं आणि त्याचाही तिला रागच आला.

तिने पदराने डोळे पुसले, पोरीच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि पॅसेजमध्ये आली. प्राचार्यांची गाडी नुकतीच फाटकातून आत शिरली होती. नऊ डब्यांच्या आतलं काढायला कुणी सांगितलं हे त्यांना विचारायचं राहिलं होतं, आणि तिला आता काही काम नव्हतं. ती त्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.